सात नोव्हेंबरची पोच

सात नोव्हेंबरला दुपारी बारा वाजून बत्तीस मिनिटांनी वैजनाथ पोस्टमनने खराडीतल्या एका चिंचेखाली बसलेल्या हिंदुरावांच्या हातात स्पीड पोस्टचं पाकीट दिलं. हिंदुराव तीन नोव्हेंबरलाच वारले होते. ही दोन्ही वाक्यं खरी होती, आणि त्यातलं कुठलं खोडायचं यावर पुढे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात बऱ्याच शहाण्या माणसांनी डोकं लावलं. वैजनाथला मात्र दोन्हींतलं एकही खोडता येईना.

त्या दिवशी त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवाळीला जोडून पंधरा दिवस रजा घेऊन तो वाशीमकडे आपल्या गावी गेला होता आणि परतल्यावरचा हा पहिलाच दिवस होता. पिशवी तुंबलेल्या टपालाने फुगली होती. खराडी गावठाणाचा हा बीट अकरा वर्षं त्याच्याकडे होता, त्यामुळे कोण कुठे सापडतं हे त्याला पाठ होतं. हिंदुरावांच्या घरी जायचं तर तीन गल्ल्या आत शिरावं लागे. त्यापेक्षा म्हातारा दुपारी चिंचेखाली हमखास भेटे. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागे, एका बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून दीड गुंठ्याचा तुकडा उरला होता. त्यात ही चिंच, आणि तिच्या मुळाशी शेंदूर नसलेले तीन लहान दगड.

हिंदुराव नेहमीसारखे बुंध्याला टेकून बसले होते. मांडीवर घोंगडीची घडी होती आणि डाव्या हाताने ते तिच्यावर हळूहळू थोपटत होते. म्हाताऱ्यांना असे चाळे असतात, म्हणून वैजनाथने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. हिंदुरावांना कमी ऐकू येई, म्हणून स्पीड पोस्ट आहे असं त्याने सवयीने ओरडूनच सांगितलं.

"हळू बोल जरा," हिंदुराव म्हणाले. "कुठनं आलंय?"

वैजनाथने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि लवादाकडून आलंय, कोर्टाच्या कामाचं दिसतंय, असं हलक्या आवाजात सांगितलं. सहीसाठी मोबाइल पुढे धरला. हिंदुरावांनी उजवं बोट काचेवर टेकवलं, पण रेघ उमटली नाही. ती कधीच उमटत नसे. जन्मभर औत धरलेलं ते बोट डिपार्टमेंटच्या मोबाइलला बोटच वाटत नसे. मग वैजनाथने नेहमी करायचा तेच केलं, म्हणजे स्वतःच्या बोटाने 'हिंदुराव' लिहिलं. गावठाणातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या सह्या तोच करी. हे नियमात बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांनी असली बोटं पाहिलेली नव्हती. हिंदुरावांनी पाकीट बुंध्याच्या ढोलीत सारलं, जिथे त्यांची तंबाखूची चंची असे. वैजनाथ पुढच्या गल्लीला लागला.

पाच दिवसांनी त्याला चौकात फ्लेक्स दिसला. आमच्या पुण्यात माणूस गेल्याची बातमी नातेवाइकांच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळते, आणि तो माणसाला मरणोत्तर फेटा बांधून मोकळा होतो. फेट्यातले हिंदुराव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली निधनाची तारीख तीन नोव्हेंबर. वैजनाथने ती तीनदा वाचली. छापणाऱ्याची चूक असणार असं समजून समोरच्या चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, चूक कसली, तीन तारखेला सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी अंत्यविधीसुद्धा झाला, अख्खं गाव होतं. वैजनाथचा चहा कपातच राहिला.

घरी त्याने बायकोला, विमलाबाईला, सगळं सांगितलं. पाय पाहिले होते का, एवढंच तिने विचारलं. पायांवर घोंगडीची कड आली होती, ते पाहायचं राहून गेलं होतं. मग तिने निक्षून सांगितलं की हे कुणापुढेही बोलायचं नाही. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला लोकांनी वेडा म्हटलेलं तिला परवडणार नव्हतं. वैजनाथलाही ते पटलं. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला गप्प बसण्याचा सल्ला लगेच पटतो.

त्याने चिंचेची वाट सोडली. पण दुपारी बारा-साडेबारा वाजले की तो बीटवर कुठेही असो, कुणाच्या फाटकाशी असो की कंपनीच्या गेटवर, त्याला जवळच कुठेतरी थोपटल्याचा आवाज येई. कापडावर हलक्या हाताने, एका लयीत. पहिल्यांदा त्याने पिशवी झटकून पाहिली. मग पाहणं सोडून दिलं. आवाज काही त्रास देत नव्हता, फक्त येत होता, आणि आला की वैजनाथ आपोआप हळू बोलायला लागे. लोकांना वाटे, पोस्टमनचा घसा बसलाय.

मार्चच्या अठरा तारखेला चिंचेपाशी जेसीबी आला. शेजारी तीस मजल्यांची इमारत उभी राहत होती आणि तिला रस्ता हवा होता. हिंदुरावांनी बाकीची जमीन बिल्डरला विकसनासाठी दिली होती, हा दीड गुंठा मात्र वगळला होता. बिल्डरचं म्हणणं वेगळं होतं. वाद कोर्टाऐवजी लवादाने सोडवायचा असं करारातच लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे लवाद नेमला गेला, पुण्यातच बैठका झाल्या आणि लवादाने निवाडा दिला की रस्ता इथूनच जाईल. या निवाड्याची सही केलेली प्रत म्हणजेच ते पाकीट.

हिंदुरावांच्या मुलाने, विश्वजीतने, निवाडा पहिल्यांदा पाहिला तो बिल्डरच्या माणसाच्या हातात. त्याची आई मथुराबाई दगडांपाशी जाऊन बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याची चंची हाताला लागावी म्हणून ढोलीत हात घातला, तर हातात पाकीट आलं. न फोडलेलं. ते तिथे कसं गेलं हे घरात कुणालाच सांगता येईना.

विश्वजीत ते घेऊन नम्रता वकिलांकडे धावला. या वकीलबाई वयाने तरुण, पण बोलायला कोरड्या. त्यांनी त्याला समजावलं की लवादाच्या निवाड्यावर अपील नसतं. निवाडा चूक की बरोबर हे कोर्ट पुन्हा तपासत बसत नाही, मोजक्या कारणांवर तो रद्द करता येतो, आणि तुमच्याकडे कारण चांगलं आहे, कारण करारातून वगळलेल्या जागेवर लवादाने हुकूम दिलाय. अडचण वेगळीच होती. निवाडा पक्षकाराच्या हातात पडल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस. त्यानंतर मात्र नाही, कोर्टाची इच्छा असली तरी नाही. लवादापुढे हिंदुरावांचं काम पाहणाऱ्या जुन्या वकिलांना गेलेली प्रत धरली जात नाही, आणि ते तर कॅनडात नातवंडं खेळवत होते. प्रश्न एकच होता, पाकीट कुणाच्या हातात आणि कधी पडलं. टपाल खात्याच्या नोंदीत होतं, सात नोव्हेंबर, बारा बत्तीस, सही हिंदुराव. ती नोंद धरली तर मुदत नऊ मार्चला संपली होती. ती पुसली, तर पाकीट घरच्यांना मिळालं अठरा मार्चला आणि अर्ज वेळेत.

तीस मार्चला अर्ज दाखल झाला. निकाल लागेपर्यंत जागेला हात लावू नये अशी स्थगिती कोर्टाने दिली, पण ती पुढच्या तारखेपुरती. जेसीबी तिथेच पत्र्याआड उभा राहिला. जुलैत वैजनाथला साक्षीचं समन्स आलं. असल्या अर्जात एरवी साक्षीदार तपासत नाहीत, कागदांवरच काम चालतं. पण मेलेल्या माणसाची सही कागदांवरून उलगडेना, तेव्हा तेवढ्या मुद्द्यापुरती न्यायाधीशबाईंनी परवानगी दिली.

समन्स आल्यापासून वैजनाथला लोक चहा पाजू लागले. बिल्डरच्या बाजूने दिग्विजय वकील होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाने सुचवलं की पाकीट मुलाने घेतलं आणि वडिलांच्या नावाने सही केली, असं होतंच की हो घरोघरी. तसं सांगितलं तर पोस्टमनवर फार तर शेरा येईल, निवृत्ती सुखाने होईल. नम्रता वकील त्याला कोर्टाच्या कँटीनमध्ये भेटल्या. मी तुम्हाला काही शिकवत नाहीये, असं म्हणून त्या म्हणाल्या की कंटाळा केला, पाकीट ढोलीत टाकलं आणि सही स्वतः ठोकून दिली, असं काही झालं असेल तर ते सांगून टाकलेलं बरं. वैजनाथने दोघांचंही ऐकून घेतलं. दोन्ही बाजूंना त्याच्याकडून खोटंच हवं होतं, फक्त वेगवेगळं. आणि खरं सांगितलं तर दोघंही त्याला हाकलून देतील, हे त्याला दिसत होतं.

घरी विमलाबाईने हिंदुरावांच्या मुलाचं नाव घ्या म्हणून सांगितलं. ती दुष्ट नव्हती. तिला एवढंच हवं होतं की तीस वर्षं ऊन खाल्लेल्या माणसाने शेवटच्या दिवशी ऑफिसात हार घालून घ्यावा आणि फोटो काढावा. वैजनाथलाही तेच हवं होतं. अकरा वर्षांत खराडीत त्याच्या हातून एक पत्र चुकीच्या दारात पडलं नव्हतं, याचा त्याला अभिमान होता. साक्षीला निघताना त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की विश्वजीतचं नाव घ्यायचं.

कोर्टात त्याला मागच्या बाकावर बसवलं. आधी दिग्विजय वकील उठले आणि म्हणाले की हा अर्ज पुण्यात चालूच शकत नाही, करारात मुंबईच्या न्यायालयाचा उल्लेख आहे. नम्रता वकिलांनी दाखवलं की लवादाचं ठिकाण म्हणून पुणे ठरलं होतं, साऱ्या बैठका पुण्यात झाल्या, निवाड्यावरही पुणेच लिहिलंय, आणि जिथे लवादाचं ठिकाण तिथल्याच न्यायालयाला अधिकार. हे वैजनाथला चटकन समजलं. पाकिटावर गावाचं नाव काहीही असो, ते पिनकोडच्या पोस्टातच उतरतं. न्यायाधीशबाईंनीही तो आक्षेप फेटाळला.

मग नम्रता वकील त्या दीड गुंठ्याबद्दल मथुराबाईंचं प्रतिज्ञापत्र वाचू लागल्या. वैजनाथ डुलक्या घेण्याच्या बेतात होता. "सदर जागेत माझी तीन अपत्ये पुरलेली आहेत," असं वाक्य आलं आणि तो ताठ बसला. तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात, ही रीत त्याच्या गावीही होती. पण तो पडला बाहेरगावचा, ते तीन दगड कशाचे हे त्याने अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, म्हसोबा असेल असं धरून चालला होता. दोन मुलगे आणि एक मुलगी, विश्वजीतच्या आधीची. कुणी नऊ दिवसांचं, कुणी महिन्याचं, मुलगी चार महिन्यांची. वकीलबाई पानं उलटत होत्या, पंखा फिरत होता, भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा व्हायला आले होते. आणि वैजनाथच्या अगदी शेजारी, रिकाम्या बाकावर, कुणीतरी हलक्या हाताने थोपटायला लागलं.

त्याने मान वळवून पाहिलं नाही. गेले आठ महिने ज्या आवाजाला तो भीत होता तो कशाचा आहे, हे त्याला आत्ता कळलं होतं, आणि त्याची भीती गेली. ठरवलेलं खोटं आता त्याच्याने बोलवणार नव्हतं. पुकारा झाल्यावर तो उठला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला.

शपथ झाली. दिग्विजय वकिलांनी मोबाइलमधल्या नोंदीचा कागद दाखवून विचारलं की ही सही कुणाची.

"माझी," वैजनाथ म्हणाला. "त्यांचं बोट उमटत नाही. मी नेहमी करतो."

"आणि पाकीट कुणाच्या हातात दिलं? मुलाच्या ना?"

"नाही. हिंदुरावांच्या."

कोर्टात कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. नम्रता वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं की हिंदुराव त्याआधी चार दिवस वारले होते हे आपल्याला माहीत आहे का. वैजनाथ म्हणाला, आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

"तुम्ही हे शपथेवर सांगताय?"

"हो, बाई. दुसरं सांगितलं तर खोटं होईल."

दिग्विजय वकिलांनी मग तासभर त्याची सालटी काढली. किती पिता, डोळ्यांचा नंबर किती, आजवर किती मेलेल्यांना टपाल दिलंत. वैजनाथ विचारलेल्याचं उत्तर देत राहिला. घोंगडीबद्दल आणि थोपटण्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने ते सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये हुकूम झाला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं की साक्षीदाराचं कथन विश्वासार्ह नाही. त्याने कुणाच्याही हातात पाकीट न देता खोटी सही केली आणि आता दोष लपवण्यासाठी तो मृत व्यक्तीचं नाव घेत आहे, असाच निष्कर्ष निघतो. सबब सात नोव्हेंबर रोजी निवाडा पक्षकारास मिळाला असं म्हणता येत नाही. तो अठरा मार्चला मिळाला असं धरून अर्ज मुदतीत असल्याचं ठरवण्यात येतं. मूळ मुद्द्यावर सुनावणी होईल, तोवर स्थगिती कायम. हुकुमाची एक प्रत टपाल खात्याला, योग्य त्या कारवाईसाठी.

खात्याने कारवाईत उशीर केला नाही. सरकारी खातं एवढ्या चपळाईने हललेलं वैजनाथने तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. निलंबनाचं पत्र त्याच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या पोस्टमनने त्याला घरी आणून दिलं आणि सही घेताना मान खाली घातली. विमलाबाई दोन दिवस बोलली नाही. हार आणि फोटो तर गेलेच होते, त्यावर आता कोर्टाच्या कागदावर कायमचं लिहिलं गेलं होतं की हा माणूस खोटी पोच देतो. वैजनाथला त्याचं फार लागलं. तो घरात बसून राहिला, आणि थोपटल्याचा आवाजही आता येईनासा झाला होता. तोही आपल्याला सोडून गेला असं त्याला वाटलं.

एका दुपारी तो उठला आणि पिशवीशिवाय, गणवेशाशिवाय खराडीला गेला. पत्रा तसाच होता, जेसीबीवर धूळ बसली होती. चिंचेखाली मथुराबाई पालापाचोळा झाडत होत्या. त्याला पाहून त्यांनी केरसुणी खाली ठेवली आणि बसायला जागा केली.

विश्वजीतने कोर्टातलं सगळं त्यांना सांगितलं होतं. लोक हसले म्हणे, असं त्यांनी विचारलं. हसले, वैजनाथ म्हणाला. मी ऐकलं तेव्हा हसले नाही, असं त्या म्हणाल्या.

"काय करत हुते वो?" त्यांनी मग विचारलं.

"बसले होते, मावशी. इथंच."

"नुस्ते?"

हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. वैजनाथने मग सगळं सांगितलं. मांडीवरची घोंगडी, डावा हात, थोपटणं, आणि आपण ओरडून बोललो तेव्हा हळू बोल म्हणाले ते. मथुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. कुंपणापलीकडे कंपनीतली पोरं जेवायला बाहेर पडली होती, त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"धाकटी चार म्हैन्याची हुऊन गेली," त्या म्हणाल्या. "चार म्हैन्यांत त्यांनी तिला एकदा बी मांडीवर घेतली न्हाई. मामंजी ओसरीवर बसल्यालं असायचं, त्येंच्यापुढं आपलं पोर उचलायची रीत नव्हती. हितं आनायच्या येळंला पैल्यांदा हातात घेतली." दगडांवरचं एक पान त्यांनी उचलून बाजूला टाकलं. "मागनं रोज दुपारी हितं यायचं. मला वाटायचं, तंबाखू खायाला जात्यात."

वैजनाथने आपल्या बोटाकडे पाहिलं, ज्याने ती सही केली होती.

"पोस्टमन, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "झोपली हुती का ती?"

घोंगडीत काय होतं ते वैजनाथने पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं सांगायचं नाही, इतकं या साऱ्या प्रकरणात त्याच्यापाशी उरलं होतं, आणि या बाईपुढे तर ते मोडणं शक्यच नव्हतं. त्याने नीट आठवून पाहिलं.

"मी आत पाहिलं नाही, मावशी. पण मला हळू बोल म्हणाले. म्हणजे झोपलेलीच असणार."

मथुराबाईंनी मान हलवली. डोळे पुसले, केरसुणी उचलली, आणि झाडायला वाकता वाकता थांबल्या. ती त्यांनी आवाज न करता बुंध्याला टेकवून ठेवली.

"मग आपन बी हळूच बोलू," त्या कुजबुजल्या.